एक्स-रे वाचणारं यंत्र आणि सही करणारा डॉक्टर

2016 साली टोरांटोतल्या एका परिषदेत जेफ्री हिंटन यांनी सांगून टाकलं, की नवे रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर, घडवणं आता थांबवा. पाच वर्षांत, फार तर दहा, यंत्र त्यांच्यापेक्षा चांगलं काम करणार हे उघड आहे. हिंटन कुणी ऐरेगैरे नव्हेत. आज ज्याला सगळे एआय म्हणतात त्याचा पाया घालणाऱ्यांपैकी ते एक, आणि 2024 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. असा माणूस असं बोलल्यावर एमडी रेडिओलॉजीला प्रवेश घेतलेल्यांच्या पोटात गोळा येणं साहजिक होतं.

पुढे झालं भलतंच. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये आज रेडिओलॉजिस्ट मिळत नाहीत अशी ओरड आहे. एआय हौसेने वापरणाऱ्या मेयो क्लिनिक या अमेरिकेतल्या मोठ्या हॉस्पिटलातही 2016 नंतर रेडिओलॉजिस्टांच्या संख्येत निम्म्याहून जास्त भर पडली. आपण जरा सरसकटच बोललो, हे नंतर खुद्द हिंटन यांनीही कबूल केलं.

यावरून ‘बघा, यंत्राला काही जमत नाही’ असं म्हणणारेही भेटतात. तेही खरं नाही. यंत्राला बरंच जमतं आणि दरवर्षी जास्त जमतंय. मला यात दिसतं ते असं. चित्रात काहीतरी वेगळं दिसतंय असा संशय घेणं आणि त्या संशयाचं पुढे काय करायचं ते ठरवणं, ही दोन कामं आजवर एकाच माणसाच्या डोक्यात, एका बैठकीत उरकली जायची. त्यातलं पहिलं काम यंत्राने बऱ्यापैकी उचललंय. दुसरं माणसाकडेच राहिलंय, आणि पहिलं स्वस्त झाल्यामुळे दुसऱ्याचा पसारा वाढलाय.

यंत्राला काय दिसतं

‘छातीचा फोटो काढून आणा’ असं डॉक्टर सांगतात आणि आपण काळी फिल्म घेऊन येतो. डॉक्टर ती खिडकीकडे धरून बघतात. पण हल्लीच्या डिजिटल एक्स-रेमध्ये फिल्म ही शेवटची गोष्ट. मुळात असतो तो आकड्यांचा एक प्रचंड तक्ता. चित्रातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक आकडा, तिथून किती किरण आरपार गेले ते सांगणारा.

सीटी स्कॅनमध्ये तर या आकड्यांना ठरलेले अर्थ आहेत. पाणी शून्य, हवा उणे हजार, हाड काही शे ते हजाराच्या वर. माणसाच्या डोळ्याला करड्या रंगाच्या इतक्या छटा वेगळ्या ओळखता येत नाहीत. म्हणून रेडिओलॉजिस्ट स्क्रीनवर एकेक पट्टा निवडून बघतो: फुप्फुसं बघायची असली तर एक, हाड बघायचं तर दुसरा, मेंदू बघायचा तर तिसरा. यंत्राला असं काही करावं लागत नाही, त्याला सगळे आकडे एकदमच मिळतात. ते दमत नाही, जेवायला उठत नाही आणि रात्री तीनला त्याचे डोळे जड होत नाहीत.

ते शिकतं कसं? निमोनिया कसा दिसतो हे त्याला कुणी समजावून सांगत नाही. हजारो, लाखो चित्रं देतात आणि प्रत्येकासोबत उत्तर देतात: याला आहे, याला नाही. यंत्र आधी अंदाजपंचे उत्तर देतं. ते चुकलं की चूक किती मोठी त्या प्रमाणात त्याच्या आतले लाखो आकडे किंचित हलवले जातात. मग पुढचं चित्र. असं होत होत उत्तरं जुळायला लागतात. यात फुप्फुस म्हणजे काय, ताप म्हणजे काय, माणूस म्हणजे काय, यातलं काहीही त्याला कळलेलं नसतं. आकड्यांच्या कुठल्या नक्षीशी कुठलं उत्तर जातं, एवढंच त्याने पक्कं केलेलं असतं.

यातलं एक मोठं काम मुंबईत झालं. क्युअर डॉट एआय या कंपनीच्या चमूने 2018 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापला. भारतातल्या वीसेक केंद्रांमधले डोक्याचे तीन लाखांहून जास्त सीटी स्कॅन घेऊन त्यांनी मेंदूतला रक्तस्राव, कवटीचं फ्रॅक्चर असल्या तातडीच्या गोष्टी ओळखणारी प्रणाली तयार केली होती. तपासणीसाठी वेगळे 491 स्कॅन ठेवले. ते तिघा रेडिओलॉजिस्टांनी स्वतंत्रपणे वाचले आणि तिघांपैकी बहुमताला बरोबर उत्तर मानलं. ‘बरोबर उत्तर’ म्हणजेसुद्धा अखेर तीन माणसांचं मत, हे इथे ध्यानात ठेवायला हवं. तिघांचं एकमत नेहमी होतंच असं नाही.

जिथे वाचायला माणूसच नाही

भारतात लोकसंख्येच्या मानाने रेडिओलॉजिस्ट फार थोडे, आणि जे आहेत ते शहरांत. एक्स-रे काढणारा टेक्निशियन तालुक्याला असतो, वाचणारा नसतो. इथे यंत्र कुणाची नोकरी घेत नाही, कारण ती नोकरी तिथे नव्हतीच. म्हणून या विषयातलं सगळ्यात पुढे गेलेलं उदाहरण चकाचक कॉर्पोरेट हॉस्पिटलातलं नाही, टीबीच्या शिबिरातलं आहे.

2019 ते 2021 या काळात देशभर टीबीची पाहणी झाली. दिसलं असं, की छातीचा एक्स-रे काढला नसता तर सापडलेल्या रुग्णांपैकी 42.6 टक्के निसटले असते. त्यांना विचारण्यासारखी लक्षणंच नव्हती. खोकला किती दिवस, ताप येतो का, वजन कमी झालं का, सगळ्याला उत्तर ‘नाही’. टीबी मात्र होता. मग लक्षणं नसलेल्यांचेही एक्स-रे काढायचे ठरले तर ते लाखोंनी निघणार. वाचायचे कुणी?

2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने यावर एक शिफारस केली. 15 वर्षं किंवा त्याहून मोठ्या व्यक्तीच्या छातीचा एक्स-रे टीबीच्या चाळणीसाठी वाचायचा असेल, तर माणसाच्या ऐवजी संगणक वाचला तरी चालेल. ‘मदतीला’ नव्हे, ‘ऐवजी’. वैद्यकातल्या या विषयात इतकी धाडसी शिफारस मला दुसरी आठवत नाही. डिसेंबर 2024 मध्ये आपल्याकडे 347 जिल्ह्यांत टीबीची शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली, तेव्हा हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रं गावोगाव गेली. जोडीला एआय होतंच.

शिबिरात घडतं ते असं. माणूस शर्ट काढून, छाती पाटीला टेकवून उभा राहतो. ‘श्वास घ्या, धरून ठेवा.’ खटका दाबला जातो. मिनिटभरात लॅपटॉपवर छातीचं चित्र येतं आणि त्यावर एक गुण, शून्य ते एक किंवा शून्य ते शंभर. संशयाच्या जागी रंग चढवलेला असतो, बहुतेकदा फुप्फुसाच्या वरच्या भागात, कारण मोठ्यांचा टीबी तिथे जास्त दिसतो. गुण ठरलेल्या रेषेच्या वर गेला, की त्या माणसाला बेडका द्यायला पाठवतात. बेडक्याची तपासणी ट्रूनॅट किंवा सीबीनॅटवर होते. ट्रूनॅट ही गोव्याच्या मोलबायो कंपनीची, बॅटरीवर चालणारी. टीबीच्या जंतूचा डीएनए सापडला तर निदान पक्कं.

एआय इथे निदान करत नाही. बेडका कुणाचा तपासायचा एवढंच ठरवतं. आणि सगळी मेख त्या ‘ठरलेल्या रेषे’त आहे. ती कंपनी आखत नाही, आखता कामाही नये. ती कार्यक्रम चालवणाऱ्यांनी आखायची असते.

आकड्यांत बघू. अशा चाळणी-चाचणीने 100 खऱ्या रुग्णांपैकी निदान 90 पकडावेत आणि 100 निरोगी माणसांपैकी निदान 70 जणांना सोडून द्यावं, ही जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली किमान अपेक्षा. समजा एका गावात 1,000 जणांचे एक्स-रे काढले आणि त्यातल्या 10 जणांना खरोखर टीबी आहे. यंत्र 9 पकडेल, 1 निसटेल. उरलेल्या 990 निरोगी माणसांपैकी 30 टक्के, म्हणजे 297 जणांवर उगाच संशय घेईल. बेडका द्यायला रांगेत उभे 306 जण, त्यात खरे रुग्ण 9.

पहिल्यांदा वाचताना हे भयंकर वाटतं. पण उलट बाजूने बघा: 1,000 जणांचे बेडके तपासण्याऐवजी 306 तपासले आणि दहातले नऊ मिळाले. ट्रूनॅटच्या दर तपासणीला एक चिप लागते, ती पैसे खाते, वेळ खाते. त्या हिशेबात हा सौदा चांगलाच आहे. रेषा म्हणजे जाळ्याची वीण. बारीक विणलं तर मासळीबरोबर शेवाळ आणि कचराही भरपूर येतो, मोठी ठेवली तर जाळं हलकं पण पापलेट निसटतं. ज्या जिल्ह्यात टीबी खूप आणि चिप मुबलक, तिथे वीण बारीक ठेवा. जिथे चिपचा तुटवडा, तिथे थोडी मोठी. हा निर्णय गणिताचा आहे तितकाच पैशाचा आणि माणुसकीचा, आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळत नाही.

आणखी एक अडचण शिबिरात वारंवार दिसते. ज्याला दहा वर्षांपूर्वी टीबी होऊन बरा झाला, त्याच्या फुप्फुसावर जुना वण असतो. यंत्र त्यालाही भरघोस गुण देतं. वयस्कांच्या बाबतीतही त्याच्या चुका वाढतात. ‘तुम्हाला पूर्वी टीबी झाला होता का?’ हा प्रश्न विचारायला अजून आरोग्यसेविकाच लागते, आणि उत्तर खरं मिळायला तिच्यावर विश्वास लागतो. पुष्कळ घरांत टीबी लपवला जातो.

यंत्र कॉपी करतं तेव्हा

आता गमतीचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. यंत्र आकड्यांची नक्षी शिकतं असं वर म्हटलं. ती नक्षी रोगाचीच असेल याची खात्री काय?

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2017 मध्ये छातीचे 1,12,120 एक्स-रे संशोधनासाठी खुले केले. जगभरच्या लोकांनी त्यावर यंत्रं शिकवली. त्यात एक आजार होता न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुसाबाहेर हवा साठून ते दबणं. हा ओळखता आलाच पाहिजे, कारण माणूस तासाभरात दगावू शकतो. यंत्रांना गुणही चांगले मिळाले. मग ल्यूक ओकडेन-रेनर नावाच्या ऑस्ट्रेलियन रेडिओलॉजिस्टने ते एक्स-रे स्वतः उघडून बघितले, जे संगणकवाल्यांपैकी फारसं कुणी केलं नव्हतं. न्यूमोथोरॅक्स असा शिक्का असलेल्या बऱ्याच चित्रांत छातीत नळी आधीच घातलेली होती. म्हणजे निदान झालेलं, उपचारही सुरू झालेले. नळी एक्स-रेत ठळक पांढरी दिसते. अशा चित्रांवर शिकलेलं यंत्र नळी बघून ‘न्यूमोथोरॅक्स’ म्हणायला लागतं. ज्याला नळी अजून घातलेलीच नाही, ज्याचा जीव खरोखर धोक्यात आहे, त्याच्या बाबतीत ते कच्चं.

दुसरा किस्सा 2018 चा. निमोनिया ओळखणारं यंत्र तीन ठिकाणच्या एक्स-रेंवर तपासलं गेलं. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलच्या चित्रांत निमोनियाचं प्रमाण 34 टक्के होतं, बाकी दोन ठिकाणी एक टक्क्याच्या आसपास. यंत्राला हे चित्र कुठल्या हॉस्पिटलचं हे जवळपास अचूक ओळखता येत होतं. मग छाती बघायचे कष्ट कशाला घ्यायचे? माउंट सायनायचं दिसलं की निमोनियाकडे झुकायचं. स्वतःच्या हॉस्पिटलात पास, बाहेरच्या चित्रांवर घसरगुंडी.

कोविडच्या काळात तर याचं पेवच फुटलं. सहा-आठ महिन्यांत ‘एक्स-रेवरून कोविड ओळखा’ अशा निबंधांचा पूर आला. 2021 मध्ये केंब्रिजच्या एका गटाने 2,212 निबंध जमवून चाळले. दर्जाच्या कसोटीला उतरले 62. त्यातलं रुग्णांवर वापरण्याजोगं एकही नाही. काहींत कोविडवाले एक्स-रे मोठ्या माणसांचे होते आणि कोविड नसलेले एक ते पाच वर्षांच्या मुलांचे, कारण फुकट मिळणारा एक संग्रह लहान मुलांचा होता. यंत्र मोठी छाती आणि लहान छाती यांतला फरक शिकलं. अचूकता कागदावर झकास.

हे वाचून हसू येतं. पण यामागचा धोका शांत आणि चिवट आहे. यंत्र ‘असं का?’ विचारल्यावर उत्तर देत नाही, फार तर एक रंगीत डाग दाखवतं. म्हणून कुठलंही हॉस्पिटल अशी प्रणाली विकत घेतं तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो: ही आपल्याकडच्या मशीनवर, आपल्याकडच्या रुग्णांवर तपासली का? 98 टक्के अचूक, हे ब्रोशरवर लिहिलेलं असतंच.

थायलंडमध्ये गूगलच्या लोकांना हाच धडा डोळ्यांच्या बाबतीत मिळाला. मधुमेहामुळे पडद्यावर झालेली खराबी ओळखणारी त्यांची प्रणाली प्रयोगशाळेत उत्तम होती. सरकारी दवाखान्यांत नेली, तर तिने पाचातला एक फोटो ‘नीट नाही’ म्हणून परत केला. नर्सबाईंना अंधारी खोली मिळत नव्हती, रांग मोठी होती, आणि फोटो नाकारला गेलेल्या पेशंटला दुसऱ्या दवाखान्यात जायला सांगावं लागत होतं. डॉक्टरला तो फोटो चालला असता की नाही, हा प्रश्न तिथे यंत्राला पडत नव्हता.

दोन डोळ्यांच्या जागी दीड

चांगल्या रीतीने केलेला अभ्यास कसा असतो, ते स्वीडनने दाखवलं. तिथे ठरावीक वयाच्या सगळ्या स्त्रियांची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, होते आणि प्रत्येक चित्र दोन रेडिओलॉजिस्ट वाचतात. 80,033 स्त्रिया चिठ्ठ्या टाकल्यासारख्या दोन गटांत वाटल्या. एका गटाचं वाचन नेहमीसारखं. दुसऱ्या गटात यंत्र आधी गुण देई. धोका कमी वाटला तर एकच रेडिओलॉजिस्ट वाची, जास्त वाटला तर दोघं, आणि दोघांनाही यंत्राच्या खुणा दिसत. 2023 मध्ये पहिले निष्कर्ष आले. यंत्र असलेल्या गटात 244 कर्करोग सापडले, नसलेल्या गटात 203. वाचनाचं काम 44 टक्क्यांनी घटलं. उगाच परत बोलावलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे दीड टक्का.

हा निकाल पक्का आहे आणि मी त्यावर नाक मुरडणार नाही. पण तो उचलून आपल्याकडे लावता येत नाही. आपल्याकडे अशी सरसकट मॅमोग्राफी नाहीच, त्यामुळे दुसऱ्या वाचकाचे कष्ट वाचवण्याचा प्रश्न येत नाही. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखावर स्त्रियांचा वीस वर्षं पाठपुरावा केला. प्रशिक्षित महिला कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करत. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाले. यात ना मॅमोग्राफी, ना एआय. शिकवलेले हात. एआयच्या भाषणांत हा अभ्यास कुणी काढत नाही, म्हणून मुद्दाम सांगितला.

काही वापर असे आहेत की रुग्णाला कळतही नाही. एमआरआयच्या बोगद्यात पाऊण तास निश्चल पडणं हे मणक्याच्या दुखण्यात काय असतं, ते ज्याने भोगलंय त्याला विचारा. एआय आता कमी नोंदींवरून पूर्ण चित्र उभं करतं. 2020 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठ आणि फेसबुक यांच्या संशोधकांनी दाखवलं, की गुडघ्याच्या एमआरआयला नेहमीच्या पाव नोंदी घेऊनही रेडिओलॉजिस्टांना निदानात फरक जाणवला नाही. सीटीमध्ये याच युक्तीने किरणांचा मारा कमी करता येतो. माझ्या मते रोग ओळखण्याच्या गाजावाज्यापेक्षा हा बदल लवकर घरोघरी पोचेल.

पक्षाघातात तर मिनिटं मोजली जातात. मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली की दर मिनिटाला सुमारे 19 लाख पेशी मरतात, असा हिशेब आहे. सीटी झाला, तो यादीत चाळिसावा, रेडिओलॉजिस्ट तिसऱ्यावर. यंत्र तो स्कॅन यादीच्या वर आणून ठेवतं आणि न्यूरोवाल्यांच्या फोनवर घंटी वाजवतं. निदान डॉक्टरच करतो, फक्त वेळेत करतो.

डॉक्टरच्या डोक्यात काय बदलतं

माणूसही चुकतो, आणि विचित्र चुकतो. 2013 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी फुप्फुसाच्या सीटीत गुपचूप एका गोरिलाचं चित्र चिकटवलं, एरवीच्या गाठीच्या 48 पट मोठं. 24 रेडिओलॉजिस्ट गाठी शोधत बसले. 20 जणांना गोरिला दिसला नाही. काहींची नजर थेट त्यावरून फिरली होती, तरीही नाही. जे शोधत असतो तेच दिसतं. अशा ठिकाणी न दमणारी दुसरी नजर असणं सोयीचंच.

पण ती दुसरी नजर पहिलीला बिघडवते, हेही तपासलं गेलंय. जर्मनीत 27 रेडिओलॉजिस्टांना मॅमोग्राम वाचायला दिले आणि सोबत एआयचं म्हणून मत दिलं. काही ठिकाणी ते मत मुद्दाम चुकीचं होतं. मत बरोबर असताना नवख्यांची उत्तरं 80 टक्के बरोबर होती. चुकीचं असताना ती 20 टक्क्यांवर आली. मुरलेल्यांचीही 82 वरून 45 वर घसरली. आधी उत्तर दिसलं की मन त्या उत्तराला पुरावे शोधायला लागतं. म्हणून काही ठिकाणी पद्धत पाडतात, की डॉक्टरने आधी स्वतः वाचून मत नोंदवायचं, मगच यंत्राचं उघडायचं. वेळ जास्त जातो, त्यामुळे धंद्याच्या गणितात ही पद्धत टिकणं कठीण दिसतं.

2025 मध्ये पोलंडहून आणखी एक अस्वस्थ करणारी बातमी आली. आतड्याच्या दुर्बिणीत गाठी दाखवणारं एआय चार केंद्रांत वापरात आलं. काही महिन्यांनी त्याच डॉक्टरांची एआयशिवाय केलेली कामं तपासली, तर पूर्वी 28 टक्के तपासण्यांत गाठी सापडत, आता 22 टक्क्यांत. ही वर्षानुवर्षं काम केलेली माणसं होती. जे शिकतानाच यंत्राच्या आधाराने शिकतील, त्यांचं काय, हा प्रश्न आपल्या मेडिकल कॉलेजांनी आत्ताच हातात घ्यायला हवा. नॉर्मल एक्स-रे हजारोंनी बघूनच डोळा तयार होतो, आणि यंत्र सगळ्यात आधी काढून घेतं ते हेच नॉर्मल एक्स-रे.

आपल्याकडच्या रेडिओलॉजिस्टचा दिवस मात्र हिंटन यांच्या डोळ्यांसमोर होता तसा नाहीच. जिल्ह्याच्या गावी त्याचा निम्मा दिवस सोनोग्राफीत जातो. तिथे चित्र आयतं येत नाही. हातातला प्रोब दाबत, तिरका करत, ‘कुशीवर वळा, इथे दुखतं का?’ विचारत ते मिळवावं लागतं. शिवाय गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी मशीन नोंदलेलं आणि कोण वापरतं तेही नोंदलेलं. असा कायदा देशात सगळ्यात आधी, 1988 मध्ये, महाराष्ट्राने केला होता. खिशात मावणारा प्रोब आणि सोबत एआय असं मशीन आरोग्यसेविकेच्या हाती देण्याची कल्पना आफ्रिकेत सरळ वाटते. आपल्याकडे तिला आधी या कायद्यातून वाट काढावी लागेल, आणि तो कायदा ज्या कारणासाठी आला ते कारण अजून संपलेलं नाही.

मग चूक झाली तर जबाबदार कोण? भारतात असं सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली येतं, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) 2023 मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली. रोजच्या व्यवहारात मात्र रिपोर्टखाली सही डॉक्टरची असते. यंत्राने दाखवलं आणि डॉक्टरने सोडलं, तर उद्या ग्राहक आयोगात ती रंगीत खूण पुरावा म्हणून येईल. यंत्राने दाखवलंच नाही आणि डॉक्टरनेही पाहिलं नाही, तर ‘यंत्राने सांगितलं नव्हतं’ ही सबब टिकणार नाही. त्यामुळे डॉक्टर प्रत्येक खुणेवर ‘सीटी करून घ्यावा’ असं लिहून मोकळा होण्याची शक्यता मला जास्त वाटते. त्याचं बिल कुणाच्या खिशातून जातं, ते सांगायला नको.

राहता राहिला रुग्ण. हल्ली फिल्मचा मोबाइलवर फोटो काढून चॅटबॉटला विचारायची टूम निघालीय. रिपोर्टमधल्या अवघड शब्दांचा अर्थ विचारायला हरकत नाही, त्यात तो बरा आहे. पण ट्यूबलाइटसमोर धरलेल्या फिल्मचा तिरका फोटो म्हणजे मूळ आकड्यांची चटणी झालेली असते. त्यावरून कुणीही, यंत्र असो की डॉक्टर, ठामपणे काही सांगत असेल तर सावध राहा. सेंटरवर सीडी किंवा लिंक मागा, त्यात मूळ आकडे असतात. रिपोर्ट कुणी वाचला, एआय वापरलं का, हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. आणि दोन वर्षांपूर्वीची फिल्म कपाटावर गुंडाळून ठेवली असेल तर ती काढून सोबत न्या. छातीतला तो डाग तेव्हाही एवढाच होता का, याचं उत्तर त्या जुन्या फिल्ममध्ये असतं, आणि शिबिरातल्या यंत्राला ती कधी कुणी दाखवलेली नसते.